दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वाचन : आपण सर्वांनी मिळून नेमके काय करावे?

गोदाकाठ

नमस्कार. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी एक मुलगी जन्मापासून दृष्टिहीन आहे. कला शाखेची पदवी घेऊन ती सध्या स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. गेल्या पावसाळ्यापासून मी रोज संध्याकाळी तिला अर्धा-पाऊण तास वाचून दाखवते. वाचताना मलाही चार गोष्टी नव्याने कळतात, त्यामुळे यात माझा त्याग वगैरे काही नाही. परंतु मागच्या महिन्यात सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी मला पंधरा दिवस कोल्हापूरला राहावे लागले आणि परतल्यावर पाहते तो तिचा अभ्यास मी सोडून गेले त्याच पानावर थांबलेला होता. "काकू, आपण कुठवर आलो होतो ते माझ्या लक्षात आहे," एवढेच ती म्हणाली. तिने तक्रार केली नाही, पण एका मुलीची परीक्षा एका शेजारणीच्या सवडीवर टांगलेली असावी, हे मला फार खटकले.

इथे या मंचावर आपण बरेच जण आहोत, निरनिराळ्या गावांत आणि देशांत आहोत, आणि सर्वांना मराठी वाचता-लिहिता येते. आपण पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करावीत का? वर्गणी काढून एखाद्या संस्थेला द्यावी का? की आणखी काही? अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

अळूची_वडी

मी तयार आहे. माझा आवाज ऐकून आमच्या घरातली दोन्ही मुले हमखास झोपतात, ही पात्रता अभ्यासाच्या पुस्तकांसाठी कितपत उपयोगी आहे, ते मात्र तुम्हीच ठरवा.

टोरांटोची_थंडी

कल्पना उत्तम आहे. इकडच्या आमच्या मंडळात दहा-बारा जण सहज तयार होतील. आठवड्याला एकेकाने एक प्रकरण मुद्रित केले, तरी सहा महिन्यांत मोठा संग्रह उभा राहील. ज्यांना वेळ नाही, त्यांनी पैसे द्यावेत. दृष्टिहीन मुलांच्या शाळेत सणासुदीला प्रत्यक्ष जाऊन काही वाटताही येईल. भारतात आलो की मला स्वतःला ते करायला आवडेल.

पाटी_पेन्सिल

मी विशेष शाळेत एकोणीस वर्षे शिकवते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. टोरांटोकर, राग मानू नये, पण आपल्या शेवटच्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे वाढदिवस साजरा करायला येणाऱ्यांची रांग असते. एका डिसेंबरात आठवडाभरात पाच केक कापले गेले, मुलांनी पाच वेळा टाळ्या वाजवल्या, पाच वेळा तेच गाणे म्हटले, आणि सहाव्या दिवशी घटक चाचणीत निम्म्या वर्गाचे गणित गेले, कारण टेलर पाटीवर, म्हणजे दृष्टिहीन मुले जिच्यावर स्पर्शाने गणिते करतात त्या पाटीवर, सराव करून घेण्याचे तास त्या टाळ्यांत गेले होते. ४ जानेवारीला, म्हणजे लुई ब्रेल यांच्या जयंतीला, आमच्याकडे उभे राहायला जागा नसते. फेब्रुवारीत परीक्षेसाठी लेखनिक, म्हणजे मुलगा सांगेल ते उत्तर लिहिणारा माणूस, शोधताना आम्ही मात्र दारोदार फिरतो.

लेखनिकाचेही एक त्रांगडे आहे, ते आधीच सांगून ठेवते. तुम्ही सर्व उच्चशिक्षित आहात आणि नेमके त्याच कारणाने बहुतेक ठिकाणी बाद ठरता. दहावीच्या मुलासाठी खालच्या इयत्तेतला विद्यार्थी लागतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही, परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचे असावे, असे म्हटले होते. तासामागे किमान वीस मिनिटे जादा मिळतात, पण लिहिणाराच नसेल तर त्या मिनिटांचे काय करायचे? त्यामुळे "मी पेपर लिहायला येतो" असे म्हणण्याऐवजी "माझी नववीतली मुलगी येईल आणि तिला मी वेळेवर केंद्रावर पोहोचवीन" असे म्हणणारे पालक आम्हाला हवे आहेत.

दीड_शहाणा

मला मूळ मुद्दाच पटत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्याच्या सतराव्या कलमात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षे वयापर्यंत पुस्तके आणि साधने विनामूल्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे, आणि बेचाळिसाव्या कलमात माहिती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशा, स्वरूपात उपलब्ध करण्याची. जे हक्काने मिळायला हवे, ते आपण दयेपोटी वाटू लागलो, की ज्याने द्यायचे तो निवांत होतो. चाळीस माणसांनी चाळीस प्रकरणे वाचण्यापेक्षा चाळीस अर्ज करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोदाकाठ

दीडशहाणेजी, तुमचे म्हणणे खोटे नाही, परंतु आमच्या तळमजल्यावरची मुलगी तेवीस वर्षांची आहे आणि तिची परीक्षा चार महिन्यांवर आली आहे. अर्जाचे उत्तर येईपर्यंत मी पुस्तक मिटून बसू का?

खुंटीवरचा_कोट

निवृत्त वकील असल्याने कायद्यापुरते बोलतो, कारण ध्वनिमुद्रणाचा विषय निघाला की कोणीतरी "लेखकाच्या हक्काचे काय" असे विचारतोच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि बावन्नाव्या कलमात दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तक सुगम स्वरूपात आणण्याची मुभा मिळाली. त्याला दोन अटी आहेत. एक म्हणजे हे काम नफ्यासाठी नसावे. दुसरी अशी की त्या प्रती दिव्यांग व्यक्तींनाच मिळाव्यात आणि त्या सर्वसाधारण बाजारात जाणार नाहीत याची काळजी घेतली जावी. म्हणजे वाचलेले प्रकरण उघड्यावर टाकून "सर्वांनी लाभ घ्यावा" असे लिहिणे चालणार नाही. ज्याला द्यायचे, त्याच्याच हाती द्यावे आणि त्याची नोंद ठेवावी.

ज्या लेखकांच्या निधनानंतर साठ वर्षे उलटली आहेत, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाला या अटी नाहीत. उदाहरणार्थ, साने गुरुजी १९५० साली गेले. तेव्हा त्यांचे असे लेखन २०११ च्या आरंभापासून सर्वांना खुले आहे.

टोरांटोकरांसाठी एक जोड देतो. दृष्टिहीनांसाठीची पुस्तके देशोदेशी पाठवता यावीत म्हणून २०१३ साली माराकेश येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ साली त्याला सर्वांत आधी अनुसमर्थन देणारा देश भारत होता, आणि २०१६ साली विसावा देश म्हणून कॅनडा सामील झाल्यावर तो करार अमलात आला.

टोरांटोची_थंडी

पाटीताई, राग मुळीच आलेला नाही, उलट लाज वाटली, कारण मागच्या खेपेस मी असाच एक केक कापून आलो आहे. वकीलकाका, विसाव्याचा मान मिळाल्याबद्दल आभारी आहे. शाळेतही माझा क्रमांक साधारण तिथेच असे.

कानसेन

हा धागा मी संगणकाच्या तोंडून ऐकतो आहे. मी पूर्ण दृष्टिहीन आहे आणि एका बँकेत नोकरी करतो. आतापर्यंत आमच्याविषयी चर्चा झाली, आता थोडे आमच्याकडूनही ऐकावे.

शाळा-कॉलेजात मी इतरांच्या आवाजावरच शिकलो, आणि ज्यांनी वाचून दाखवले त्या सर्वांचा मी ऋणी आहे. पण वाचणारा दमला की "इथे एक तक्ता आहे, तो जाऊ दे" असे म्हणतो. तळटीप आली की ती जाऊ दे. नकाशा आला की तोही जाऊ दे. हे "जाऊ दे" मी बारा वर्षे ऐकत आलो आणि परीक्षेत प्रश्न मात्र नेमका त्या तक्त्यावर आला. दुसरे असे की ध्वनिमुद्रणात मला हवे ते वाक्य शोधता येत नाही. तुम्ही पान उलटून मागे जाता, मी चाळीस मिनिटांच्या मुद्रणात मागे-पुढे चाचपडत बसतो. तिसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. केवळ ऐकून शिकणाऱ्याला शब्द लिहितात कसा हे कळत नाही. "दिन" आणि "दीन" कानाला सारखेच लागतात. मला ऱ्हस्व-दीर्घ आले ते ब्रेलमुळे आणि नंतर संगणकावर बाणाच्या कळीने अक्षर-अक्षर ऐकल्यामुळे.

म्हणून माझी विनंती अशी की अभ्यासासाठी आवाजाऐवजी अक्षरे द्या. युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक अक्षर संगणकाला अक्षर म्हणूनच कळते अशा पद्धतीचा, स्वच्छ मजकूर मिळाला, की एनव्हीडीए तो वाचून दाखवते. हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली सुरू केले आणि ते विनामूल्य मिळते. त्याचा मराठी आवाज पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा आहे, हे मान्य; पण कानाला सवय झाली की मी तो तुमच्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतो, आणि तो कधीही "जाऊ दे" म्हणत नाही. तोच मजकूर ज्याला ब्रेलमध्ये हवा त्याला ब्रेलमध्ये छापून घेता येतो, ज्याला मोठ्या टाइपात हवा त्याला मोठा करता येतो.

अळूची_वडी

म्हणजे माझ्या आवाजाची गरज नाही तर. घरच्यांना ही बातमी आनंदाने कळवते. पण मग पुस्तकाचे फोटो काढून पाठवले तर चालेल ना?

कानसेन

वडीताई, फोटो म्हणजे माझ्या संगणकाला कोरी भिंत, त्यातली अक्षरे त्याला वाचता येत नाहीत. चकचकीत पीडीएफ पाठवून "सोय केली आहे" असे सांगणारेही पुष्कळदा भिंतच पाठवतात.

जुना_खिळा

अखेर माझ्या कामाचा विषय निघाला. खिळे जुळवण्यापासून सुरुवात करून संगणकावरच्या अक्षरजुळणीपर्यंत चाळीस वर्षे मी छपाईत काढली. वरवर विचित्र वाटेल, पण तुम्ही ज्या मराठी पुस्तकांची बात करता आहात, त्यांतली संगणक आल्यानंतरची बहुतेक पुस्तके कोणीतरी एकदा टंकलेली आहेतच. अडचण अशी की युनिकोड रुळण्याआधी आम्ही ज्या फॉण्टांत काम करायचो, त्यांत पडद्यावर "क" दिसला तरी संगणकाच्या पोटात भलतेच रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे. डोळ्यांना ते सुंदर मराठी दिसते, आणि कानसेनांच्या संगणकाला ती इंग्रजी अक्षरांची भेळ ऐकू येते. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत. त्यातून सुमारे नव्वद टक्के मजकूर सुधारतो, असा माझा अंदाज आहे, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत जोडाक्षरे आणि रफार जीव खातात.

फाइल मिळतच नसेल, तर पान स्कॅन करून अक्षरओळखीच्या यंत्रणेकडे द्यावे लागते. हल्ली ती पुष्कळ सुधारली आहे. मात्र "घ" आणि "ध", "भ" आणि "म", "ष" आणि "प" यांत ती आजही फसते. परवाच एका पानावर "भारत हा कृषिप्रधान देश आहे" याचे "मारत हा कृपिप्रधान देश आहे" झालेले पाहिले. हे यंत्राला दिसत नाही, ते माणसालाच दिसते, आणि मराठी येणाऱ्या माणसालाच दिसते. मुद्रितशोधनाला पैसा कमी आणि वेळ फार लागतो, म्हणून ते कोणी करत नाही. पुष्कळ माणसांनी थोडे-थोडे करावे असे काम असेल, तर ते हेच आहे.

अळूची_वडी

"कृपिप्रधान देश" यात काही दुरुस्त करण्याची गरज आहे असे मला वाटत नाही.

रानजाई

जुना खिळा यांचे पटते, परंतु ध्वनिमुद्रण निकालात काढू नये, असे मला आग्रहाने वाटते. माझ्या आईची दृष्टी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी काचबिंदूने गेली. जन्मभर वाचणारी बाई. तिला ब्रेल शिकणे जमले नाही, बोटांना ठिपके कळेनात, संगणकाचा तो डब्यातला आवाज तिने दोन मिनिटे ऐकला आणि "हा कोण मेला?" असे विचारून बंद करायला लावला. तिच्यासाठी मी आणि माझी भाची फोनवर कथा वाचून मुद्रित करत असू. माझे श्वास, मध्येच वाजणारी कुकरची शिट्टी, भाचीचे अडखळणे, हे सगळे तिला हवे असायचे. अभ्यास करणारी तेवीस वर्षांची मुलगी आणि उतारवयात दृष्टी गेलेली आजी, या दोघींना आपण "दृष्टिहीन" या एकाच शब्दात बसवतो, पण त्यांच्या गरजा एक नाहीत.

कानसेन

रानजाईताई, हे मी मान्य करतो. मी माझ्यावरूनच जग मोजले. कथा-कादंबऱ्या मलाही माणसाच्याच आवाजात आवडतात. फक्त अर्थशास्त्र नको.

दीड_शहाणा

माझा हट्ट मी सोडलेला नाही, पण जुना खिळा यांच्या प्रतिसादाने त्याला एक वळण मिळाले. पुस्तक आधीच टंकलेले असेल, तर ते पुन्हा स्कॅन करणे म्हणजे दळण दळून आणलेले पीठ पुन्हा जात्यात घालण्यासारखे आहे. आपल्यातल्या काहींनी केवळ एवढेच काम घ्यावे: प्रकाशकांना आणि लेखकांना शांतपणे, कायद्याचा उल्लेख करून पत्र लिहावे आणि मूळ फाइल मागावी. नकार आला तर नकाराचीही नोंद ठेवावी. शासनाकडचे अर्ज मी एकटा करीन, त्याची मला हौस आहे. शिवाय सुरुवात करण्याआधी ते पुस्तक सुगम्य पुस्तकालयात आधीच आहे का, हे पाहावे. २०१६ पासून चालू असलेले हे दृष्टिहीनांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय आहे आणि त्यात मराठी पुस्तकेही आहेत. आहे तेच पुन्हा करत बसलो, तर आपल्याला उत्साह होता एवढेच सिद्ध होईल.

पाटी_पेन्सिल

दीडशहाणेजींशी मी प्रथमच सहमत होते आहे, तारीख लिहून ठेवावी. एक भीती मात्र बोलून दाखवते. असे गट मी याआधी तीनदा पाहिले. पहिल्या महिन्यात साठ नावे, दुसऱ्यात वीस, आणि परीक्षेच्या तोंडावर फोन उचलणारी दोन. आमचा एक विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला केंद्रावर उभा होता आणि लेखनिकाच्या घरून "त्याला ताप आहे" असा निरोप आला. ऐन वेळी बदली लेखनिक आणला, तर त्याच्या परवानगीचे पत्र नाही म्हणून केंद्राने पाऊण तास बसवून ठेवले. जिला आपण मदत म्हणतो, ती अशी अर्ध्यात सुटली की न केल्यापेक्षा जास्त नुकसान करते, कारण त्या मुलाने दुसरी सोय केलेली नसते. म्हणून ज्यांना महिन्यातून पाच पानेच जमणार असतील, त्यांनी पाचच घ्यावीत आणि ती द्यावीत. लेखनिकाच्या बाबतीत प्रत्येक नावामागे एक राखीव नाव हवेच, आणि दोघांचीही कागदपत्रे आधी मंजूर करून घेतलेली हवीत.

टोरांटोची_थंडी

पाच पाने मला जमतील. इथल्या मंडळातल्या दहांपैकी सहांना युनिकोडमध्ये टंकता येते. उरलेल्या चौघांना मी मूळ पान समोर ठेवून मजकूर ताडून पाहायला बसवीन.

जुना_खिळा

चालेल. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक जुनी पुस्तके अशीच शुद्ध करतात. एकाने तपासले की पान पिवळे होते आणि दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. आपणही प्रत्येक पान दोघांच्या नजरेखालून घालू. एक बारीक सूचना आताच देतो: "दुःख" लिहिताना विसर्गाच्या जागी कृपया अपूर्णविरामाची दोन टिंबे टंकू नका. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्र तिथे शब्द तोडते.

अळूची_वडी

एवढी वर्षे माझे दुःख मीच तोडत होते, हे आज कळले.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हा सगळा धागा मी काल तिला वाचून दाखवला, आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आले की तिला काय हवे आहे, हे मी इतक्या महिन्यांत एकदाही विचारले नव्हते. मी माझ्या मनाने पुस्तक निवडत होते.

तिने सांगितले ते असे. अख्खी पुस्तके नंतर. आधी मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मजकुरात हव्यात, कारण त्या तिला आजवर कोणी एकसलग दिलेल्याच नाहीत. त्यानंतर अर्थशास्त्राचे एक पुस्तक, आणि त्यातल्या आलेखांचे वर्णन शब्दांत. "आलेखात रेषा वर जाते एवढं नको, कोणत्या वर्षी किती होती आणि किती झाली ते लिहा," असे ती म्हणाली. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला मूळ पानाचा क्रमांक हवा, म्हणजे शिकवणीत सर पान सांगतात तेव्हा तिला शोधता येईल. आणि शेवटची तपासणी ती स्वतः करणार आहे. तुम्ही दोघांनी पाहिलेले पान ती संगणकावर ऐकेल आणि जिथे कानाला खटकेल तिथे खूण करून परत पाठवील. मी नमुन्यादाखल चार पाने दिली, त्यांत तिला सात चुका सापडल्या. त्यांतल्या पाच माझ्या होत्या.

लेखनिकासाठी माझ्या भाच्याला विचारले आहे. तो बारावीत आहे, म्हणजे नियमात बसतो. राखीव नाव अजून मिळालेले नाही.

पाटी_पेन्सिल

नाशिकमधली आमची एक माजी विद्यार्थिनी आहे, तिची धाकटी बहीण अकरावीत शिकते. आज संध्याकाळी विचारते. दोघांनाही परीक्षेआधी किमान तीन वेळा तिच्यासोबत सरावाला बसवा. सांगणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा वेग जुळायला वेळ लागतो.

कानसेन

आलेखांच्या वर्णनाचा नमुना मी करून देतो, कारण कोणते वर्णन उपयोगी पडते आणि कोणते नुसते लांबते, ते मला भोगून माहीत आहे. पण आलेख मला दिसणार नाही, तेव्हा कोणीतरी मला फोनवर तो आधी सांगावा लागेल. टोरांटोकर, तुमची सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ. शनिवारी जमेल का?

टोरांटोची_थंडी

शनिवारी आमच्याकडचे सकाळचे आठ. "जाऊ दे" म्हणणार नाही, असे आधीच लिहून देतो.

जुना_खिळा

प्रश्नपत्रिकांचे सगळे स्कॅन माझ्याकडे पाठवा. पहिल्या दोन वर्षांच्या मी आज रात्री काढतो. ताडून पाहायला कोण आहे?

अळूची_वडी

मी. फक्त भारताला मारत राहू द्यायचे नाही, एवढे लक्षात ठेवते.